एफपीएस २८०, तरी माऊस मागे : एका जुनाट इनपुट लॅगचा तपास

"मी माऊस वळवतो, आणि स्क्रीन माझ्या मागून येते." तक्रार एवढीच होती. मुलगा नाशिकचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम नेटाने खेळणारा. मशीन त्याच्या वडिलांनी माझ्याकडे आणून ठेवलं तेव्हा त्यावर बऱ्याच जणांचे हात फिरून झाले होते.

आत काय होतं ते आधी सांगतो. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. सोबत २४ इंची, १०८०पी, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. या गेमसाठी यात नाव ठेवायला जागा नाही. गेमच्या कोपऱ्यातला आकडाही तेच सांगत होता: एफपीएस, म्हणजे कार्ड सेकंदाला बनवतं ती चित्रं (फ्रेम), २५० ते ३०० च्या दरम्यान. पिंगही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळही, उत्तम, कारण या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि नाशिकहून तिथे पोचायला फारसा वेळ लागत नाही. म्हणजे लोक ज्या दोन आकड्यांवरून मशीन "चांगलं" ठरवतात, ते दोन्ही झकास होते.

तोवर काय काय करून झालं होतं? वायरचा माऊस जाऊन वायरलेस आला. विंडोजवर पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारला. दुकानदाराने मॉनिटर त्याच मॉडेलचा बदलून दिला, कारण त्रास नवा मॉनिटर घेतल्यापासून, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू झाला होता आणि संशय साहजिकच त्याच्यावर गेला. नव्या मॉनिटरवरही तेच. मग कुणीतरी सांगितलं की घरातल्या विजेचा दोष असतो, म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावून अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. वडील म्हणाले, "साहेब, याच्या गेमपायी अख्ख्या घराचं अर्थिंग नवं झालं. आता तरी काय ते एकदाचं सांगा."

इतकं सगळं बदलूनही एक गोष्ट कुणी केली नव्हती. लॅग किती आहे, हे मोजलं नव्हतं.

आधी लॅग कुठला ते ठरवू

"लॅग" हा शब्द तीन वेगळ्या दुखण्यांना लावला जातो आणि तिथेच अर्धा गोंधळ होतो. नेटवर्कचा लॅग, गेमचं मधूनच अडखळणं, आणि इनपुट लॅग. पहिला तपासायला सोपा: इंटरनेटची वायर काढून बॉटसोबत, म्हणजे संगणकाच्याच खेळाडूंसोबत खेळायचं. तसं खेळलो, जडपणा तसाच राहिला. नेटवर्क सुटलं.

दुसऱ्याला जरा वेळ दिला, कारण त्या मुलाला जे सल्ले मिळाले होते त्यातले बहुतेक या दुसऱ्या दुखण्याचे होते. ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून धरतो तेव्हा आवाज फुटतो, चित्र क्षणभर थबकतं. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम हे दाखवतो. रायझनवर आणखी एक जुनं प्रकरण होतं: प्रोसेसरमधलं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) अधूनमधून मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी बोलायला जायचं आणि तेवढ्यात सगळं मशीन अडखळायचं. एएमडीने हे मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून त्यावरचे बायॉस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, येऊ लागले. या मशीनचं बायॉस त्याच्या बरंच नंतरचं होतं आणि लेटन्सीमॉनही शांत होतं. शिवाय ही सगळी दुखणी येतात-जातात. या मुलाची तक्रार तशी नव्हती. त्याचा उशीर प्रत्येक हालचालीला होता, सारखाच, न चुकता. कायमचा उशीर आणि अधूनमधूनचा झटका यांचे रस्ते वेगळे, आणि "टीपीएम बंद कर" हा सल्ला भलत्याच रस्त्यावरचा होता.

उरलं इनपुट लॅग. बोटाने बटण दाबल्यापासून स्क्रीनवर बदल दिसेपर्यंतचा सगळा वेळ. या वाटेवर टप्पे बरेच आहेत. माऊस सेकंदाला १००० वेळा खबर देत असेल तर तिथे फार तर १ मिलिसेकंद जातो. जुना साधा माऊस १२५ वेळा देतो, तिथे ८ पर्यंत जातात. मग विंडोज, मग प्रोसेसरवर गेमचा हिशेब, मग ग्राफिक कार्डापुढची रांग, मग कार्डाचं काम, मग मॉनिटरची पाळी येण्याची वाट, मग वरून खाली चित्र रंगवणं, आणि शेवटी पिक्सेलचा रंग प्रत्यक्ष बदलणं. एफपीएसचा आकडा यातल्या मधल्या काही टप्प्यांचीच खबर देतो. कार्डातून बाहेर पडल्यानंतर फ्रेमचं काय झालं, हे त्या आकड्याला माहीतच नसतं.

फोनवरची मोजणी

यासाठी महागडी यंत्रं मिळतात. पण आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असतो आणि ढोबळ निदानाला तो पुरतो. त्यातलं एक चित्र म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. माऊस आणि स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन स्टँडवर लावायचा, माऊसला पेनाच्या टोकाने बाजूने टिचकी मारायची, आणि नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं: माऊस हलला ते चित्र कुठलं, आणि गेममधली नजर हलली ते कुठलं. एका टिचकीवर विश्वास ठेवायचा नाही. माऊसची टिचकी आणि मॉनिटरची पाळी यांचा मेळ दर वेळी वेगळा बसतो, म्हणून आकडा मागे-पुढे होतोच. डझनभर तरी टिचक्या घ्याव्यात आणि त्यांचा पसारा पाहावा.

गेममध्ये मुलाच्या नेहमीच्या सेटिंगवर ११ ते १६ चित्रं आली. म्हणजे साधारण ४६ ते ६७ मिलिसेकंद. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर, २८० एफपीएसला, हे फारच झालं. म्हणजे पोराच्या मनाचे खेळ नव्हते. एवढं कळल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला, कारण घरात आणि मित्रांत त्याला "तुझाच नेम चुकतो" हेच ऐकायला मिळत होतं.

मग तीच मोजणी डेस्कटॉपवर केली. क्लिक केलं की काळ्याचं पांढरं होणारं एक साधं पान ब्राउझरमध्ये उघडलं. तिथे ७-८ चित्रं.

इथे प्रकरण निम्मं सुटलं. डेस्कटॉपवर सगळ्या खिडक्या एकत्र जोडून दाखवण्याचं काम विंडोज करतं, त्यात थोडा जास्तीचा वेळ जातो. त्यामुळे फुल स्क्रीन गेम डेस्कटॉपपेक्षा चपळ असायला हवा. इथे उलटं होतं. आणि माऊस, यूएसबी, मदरबोर्ड, रॅम, केबल, वीज हे सगळं तर दोन्हीकडे तेच! यातलं काही बिघडलं असतं तर डेस्कटॉपही तितकाच रखडला असता. दोष गेम चालू झाल्यावरच येणाऱ्या कशात तरी होता.

अर्थिंगबद्दल, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात

वरचा तर्क वडिलांना पटेना. पैसे खर्च झाले होते. म्हणून मशीन आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर घेऊन यूपीएसचा प्लगच काढला आणि बॅटरीवर मोजणी केली. आकडा तोच.

अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे खरं आहे. पॉवर सप्लायच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मेन्सच्या जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो, करंट अगदी थोडा. त्यातून हेडफोनमध्ये गुणगुण येऊ शकते, एखादं यूएसबीचं उपकरण मध्येच तुटून परत जोडलं जाऊ शकतं. पण प्रत्येक क्लिकला मोजून तीसेक मिलिसेकंद उशीर करायला तो उशीर कुठेतरी साठवावा लागतो, आणि साठवणूक होते ती फ्रेमच्या रांगेत. तांब्याच्या तारेत नाही. नवं अर्थिंग केलं ते चांगलंच केलं. माणसांच्या जिवासाठी ते हवंच. गेमच्या खात्यावर तो खर्च मांडू नका, एवढंच मी त्यांना म्हणालो.

फॉरमॅट मारूनही टिकलेलं दुखणं

मला जास्त खटकत होतं ते हे की पुन्हा पुन्हा कोरं विंडोज टाकूनही लॅग जशाच्या तसा परत येत होता. मुलाला विचारलं, फॉरमॅट झाल्यावर पहिल्या तासात तू काय काय करतोस, मला करून दाखव. त्याच्या पेन ड्राइव्हवर एक "ऑप्टिमायझेशन पॅक" होता, कुठल्याशा व्हिडिओखालून उतरवलेला. तो चालवायचा, मग ग्राफिक कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ठरलेले बदल, मग गेमची सेटिंग. दर वेळी, अगदी त्याच क्रमाने. कोऱ्या विंडोजवर मशीन कसं चालतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पॅकची फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचली. बहुतेक ओळी निरुपद्रवी, काही रजिस्ट्रीच्या नोंदी तर विंडोज आता वाचतही नाही अशा. एक मात्र खरोखर अपायकारक होती: बूटच्या नोंदीत जबरदस्तीने एचपीईटी हे प्रोसेसरबाहेरचं जुन्या पद्धतीचं घड्याळ लादलेलं. आताचा प्रोसेसर वेळ आपल्या पोटातल्या मोजणीयंत्रातून वाचतो आणि ते जवळजवळ फुकट असतं. एचपीईटी बाहेर आहे, त्याला विचारायला वेळ लागतो, आणि गेम सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतो. २०१८ मध्ये आनंदटेक या हार्डवेअर तपासणाऱ्या संकेतस्थळाच्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांतच हे आढळलं होतं. एचपीईटी लादल्यामुळे इंटेल प्रोसेसरचे गेममधले आकडे खाली आले होते. "एचपीईटी चालू कर, माऊस सुटसुटीत होतो" हा सल्ला तरीही अजून फिरतोच आहे.

ती नोंद काढली. एफपीएस वाढला, विशेषतः धूर आणि गर्दीच्या वेळी तो जो कोसळायचा ते कमी झालं. लॅगची मोजणी मात्र ११ ते १६ वरच अडून बसली.

सुगावा उलट्या बाजूने आला

गेम चालू झाल्यावर बदलणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहत होतो. डिस्प्ले मोड "फुलस्क्रीन" वरून "फुलस्क्रीन विंडोड" केला. जाणकार सांगतात की यात लॅग वाढतो, फार तर तेवढाच राहतो. इथे तो उतरून ७ चित्रांच्या आसपास आला. मुलगा लगेच म्हणाला, "काका, हे हलकं वाटतंय."

विंडोड मोडमध्ये गेम डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन आणि डेस्कटॉपचाच रिफ्रेश रेट (मॉनिटरचे हर्ट्झ) वापरतो. फुलस्क्रीनमध्ये स्वतःचं वेगळं मागू शकतो. मुलगा ४:३ च्या ताणलेल्या चित्रावर खेळायचा, १२८० बाय ९६०. या गेमचे कितीतरी चांगले खेळाडू तसे खेळतात. समोरचा माणूस रुंद दिसतो, म्हणून. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ लिहिलेलं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तो आकडा डेस्कटॉपचा.

गेम परत फुलस्क्रीन केला आणि गेम चालू असतानाच मॉनिटरच्या मागचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला. माहितीच्या ओळीत लिहिलं होतं: १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ.

रिझोल्यूशन बरोबर दिसत होतं, कारण चित्र ताणायचं काम ग्राफिक कार्डाकडे दिलेलं होतं आणि कार्ड मॉनिटरला १०८०पीच पाठवत होतं. रिफ्रेश रेट मात्र साठ. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन पाहिलं तर १२८० बाय ९६० हे रिझोल्यूशन हाताने बनवलेलं. बनवताना लांबी-रुंदी भरली आणि त्याखालचा रिफ्रेश रेटचा चौकोन ६० वर तसाच राहिला. जुना मॉनिटर साठचाच होता, त्यामुळे पूर्वीच्या सवयीत ते खपून गेलं असतं.

मग एफपीएस २८० कसा?

हा प्रश्न मुलानेच विचारला, आणि योग्य विचारला. ६० हर्ट्झवर व्ही-सिंक (व्हर्टिकल सिंक, म्हणजे फ्रेमला मॉनिटरच्या पाळीपर्यंत थांबवणं) चालू असता तर एफपीएसही ६० ला अडकला असता आणि ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. व्ही-सिंक बंद असता तर स्क्रीन आडवी फाटलेली दिसली असती, तेही लक्षात आलं असतं. इथे दोन्ही नव्हतं, कारण त्याच्या "ठरलेल्या बदलांत" कंट्रोल पॅनलमधलं व्हर्टिकल सिंक "फास्ट" वर ठेवलेलं होतं. हा पर्याय २०१६ पासून आहे. यात कार्डाला कुणी अडवत नाही, ते सुसाट फ्रेम बनवत राहतं; मॉनिटरची पाळी आली की सगळ्यात शेवटी पूर्ण झालेली फ्रेम उचलली जाते आणि मधल्या टाकून दिल्या जातात. एसटी दर १६.७ मिलिसेकंदांनी सुटते, आणि सुटायच्या वेळी जो शेवटी आला तेवढाच आत. आधी आलेले स्थानकावरच राहतात. एफपीएसचा आकडा स्थानकावर आलेल्यांची डोकी मोजत होता.

फास्ट सिंक वाईट नाही. एफपीएस रिफ्रेश रेटच्या कितीतरी पट असेल तर साध्या व्ही-सिंकपेक्षा त्यात उशीर कमीच असतो. पण ६० हर्ट्झचा दोष त्याने बेमालूम झाकला.

आता उशिराचा हिशेब जुळतो का पाहू. ६० हर्ट्झला एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, १६५ ला ६ ची. क्लिक फेरीच्या मध्ये कुठेही येऊ शकतं, म्हणून सरासरी अर्धी फेरी वाट पाहण्यात जाते. चित्र वरून खाली रंगवलं जातं, म्हणून मधोमध असलेल्या क्रॉसहेअरपर्यंत (नेम धरायच्या खुणेपर्यंत) पोचायला आणखी अर्धी. म्हणजे ६० ला सुमारे १७ आणि १६५ ला सुमारे ६. फरक दहा-अकराचा, आणि मला तर तीसेक शोधायचे होते. बाकीचं कुठे? डेस्कटॉपच मुद्दाम ६० हर्ट्झवर ठेवून ते पांढरं-काळं पान पुन्हा मोजलं. ७-८ ची जागा १३-१४ ने घेतली. नुसत्या फेरीच्या फरकाने इतकं वाढत नाही. काही जलद मॉनिटर ६० हर्ट्झला आलेलं चित्र आधी पूर्ण साठवून घेतात आणि मग आपल्या वेगाने रंगवतात. त्यात एक फेरी आणखी जाते. हा त्यातलाच असावा असं आकड्यांवरून वाटतं. तो दोष म्हणता येणार नाही. १६५ चा मॉनिटर ६० वर चालवायला कुणी घेत नाही.

गेममधलं रिफ्लेक्सही (उशीर कमी करायची एनव्हिडियाची सोय) सुरुवातीपासून चालू होतं. ते कार्डापुढची रांग लहान ठेवतं, पण मॉनिटर किती वेळा चित्र बदलतो यावर त्याचा काही ताबा नाही.

दुरुस्ती

जुनं रिझोल्यूशन काढून १२८० बाय ९६० पुन्हा बनवलं, या वेळी १६५ हर्ट्झवर. व्हर्टिकल सिंक "बंद". पॅकने केलेले बाकीचे बदल मूळपदावर आणले. गेम फुलस्क्रीन, मॉनिटरच्या मेनूत १६५. फोनची मोजणी: ५ ते ६ चित्रं, म्हणजे २० ते २५ मिलिसेकंद. आधीच्या निम्म्याहून कमी.

मुलाला न सांगता मी एकदा ६०, एकदा १६५, उलटसुलट क्रमाने लावून त्याला खेळायला बसवलं. माऊस दोन-चार वेळा फिरवला की तो बरोबर सांगायचा. पॅकमधल्या रजिस्ट्रीच्या नोंदी चालू-बंद करून हाच खेळ केला तेव्हा मात्र त्याचे अंदाज नाणं उडवल्यासारखे निघाले. त्यानंतर पॅक पेन ड्राइव्हवरून त्यानेच उडवला.

ज्यांना फाटलेली स्क्रीन अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी मांडणी आहे: जी-सिंक (कार्डाच्या वेगाप्रमाणे मॉनिटरची पाळी बदलणारी सोय) चालू, कंट्रोल पॅनलमध्ये व्ही-सिंक चालू, गेममध्ये रिफ्लेक्स चालू. मग एफपीएस आपोआप रिफ्रेशच्या थोडा खाली, १६५ ला साधारण १५७-१५८ वर बांधला जातो आणि रांग साचतच नाही. १४४ च्या मॉनिटरवर हाच आकडा १३८ होतो. मुलाला फाटण्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून त्याला मोकळा एफपीएस ठेवला.

एक बारीक तक्रार उरली होती: माऊस कधीकधी उडी मारतो. ही खरोखर वेगळी होती. वायरलेस माऊसचा डोंगल कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या बाहेरच्या हार्ड डिस्कला चिकटून बसलेला. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, यावर इंटेलने २०१२ मध्येच कागद काढला होता. एक्स्टेन्शनच्या वायरीने डोंगल टेबलावर, माऊसपॅडजवळ आणला. उड्या थांबल्या.

काही महिन्यांनी मुलाचा फोन आला. "काका, परत जड झालंय."

"ड्रायव्हर टाकलास का नवीन?"

"हो, कालच. क्लीन इन्स्टॉल."

क्लीन इन्स्टॉलमध्ये हाताने बनवलेलं रिझोल्यूशन पुसलं गेलं होतं. १२८० बाय ९६० हे यादीत तरी दिसतच होतं, कारण मॉनिटर स्वतःच ते जाहीर करतो. पण फक्त ६० हर्ट्झला. गेमने तेच उचललं. फोनवरच पुन्हा १६५ चं बनवून घेतलं आणि मॉनिटरच्या मेनूतला हर्ट्झ दाखवणारा छोटा आकडा कोपऱ्यात कायमचा चालू करायला सांगितला. ग्राफिक कार्ड बदलताना किंवा दुसरा मॉनिटर जोडताना हीच भानगड पुन्हा होऊ शकते, हेही त्याला तेव्हाच सांगून ठेवलं.